प्रश्न क्रमांक अकरा

सोहारच्या बंदरामागे, भट्टीच्या कुंपणाला लागून
जी वस्ती आहे, तिथे मी दारोदार फिरले
नोव्हेंबरचे नऊ दिवस.
गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट,
पर्समध्ये खजूर. प्रत्येक घर देतं, नाही म्हणता येत नाही.

प्रश्न अकरा असा :
परदेशी कारखान्यांत पकडलेला कार्बन वायू
जहाजानं आणून आपल्या डोंगराखाली कायमचा ठेवला,
तर आपल्याला कितपत मान्य?
एक म्हणजे मुळीच नाही. पाच म्हणजे पूर्णपणे.

खल्फान कोळी, मनगटापर्यंत तारलीची खवलं,
म्हणाला, गळला तर?
मी छापील उत्तर वाचलं : शक्यता नगण्य.
नगण्य म्हणजे किती टोपल्या?
मग स्वतःच : दोन लिही.
थांब. माझा धाकटा तिकडे नोकरीला लागणार असेल, तर चार.

निवृत्त मास्तर सैफ यांनी चष्मा पुसला.
तेल आपणच विकलं ना त्यांना?
आता राख परत आली
तर दार लावायचं कोणत्या तोंडानं? पाच.
आतून त्यांची लेक ओरडली,
बाबा, भाडं किती ते विचारा आधी!
मास्तर हसले. पाच तसाच राहिला.

जुवैनाच्या ओसरीवर शेळी होती, आणि काहवा.
ती म्हणाली, आमच्यात पाहुण्याला तीन दिवस विचारत नाहीत
कुठून आलास, काय काम.
चौथ्या दिवशी विचारतात.
हा तुमचा पाहुणा किती दिवसांचा?
मी म्हटलं, कायमचा.
कायमचा म्हणजे?
म्हणजे, दहा हजार वर्षं तरी.
तिनं माझा कप पुन्हा भरला.
पुरे झालं की कप हलवायचा असतो,
मला माहीत होतं, तरी हलवला नाही.
डोंगराला कप हलवता येतो का,
हे ती मला विचारत होती की मी तिला,
आठवत नाही.

गाडी दाऊद हुर्झुक चालवायचे.
बाणकोटचे. इथे एकतीस वर्षं,
दर दोन वर्षांनी रक्ततपासणी, फोटो, शिक्का.
म्हणाले, मला नाही विचारलंस ते.
चाचा, तुम्ही नमुन्यात बसत नाही.
नियम असा आहे, फक्त इथले नागरिक.
हं, म्हणाले. आरसा नीट केला.
बऱ्याच वेळानं :
आणि त्या वायूला व्हिसा किती वर्षांचा?

मी खिडकीबाहेर बघत राहिले.
ते एकटेच हसले आणि उत्तर दिलंच,
न विचारता, अस्सल गावाकडचं :
आपलं झालं थोडं, नि व्याह्यानं धाडलं घोडं.

रात्री हॉटेलात मी ते इंग्रजीत करायला बसले.
व्याही जमला. घोडंही जमलं.
पण त्यातलं ते दार उघडणं,
शिव्या देत देत घोड्याला पाणी दाखवणं,
ते एक ते पाचमध्ये कुठे लिहायचं?

शेवटच्या दिवशी वाडीतून परतताना
अस्रच्या नमाजाला त्यांनी गाडी थांबवली.
काळाहिरवा कातळ, त्यात पांढऱ्या शिरा,
कुणी खडूनं रेघोट्या ओढाव्यात तशा.
सांगितलं त्यांना, हा तोच वायू आहे,
पावसाबरोबर उतरला, दगडानं पिऊन टाकला,
दगड झाला.
हुर्झुकचाचांनी अंगठ्यानं शीर घासली,
अंगठा वास घेऊन बघितला.
ह्याला कुणी बोलावलं होतं?
कुणी नाही. आपला आपण आला.
मग वेगळी गोष्ट, म्हणाले,
आणि चपला झटकून गाडीत बसले.

अहवालात बासष्ट टक्के अनुकूल आले.
साहेबांचं पत्र आलं, उत्तम काम, अभिनंदन.
खाली बारीक अक्षरात :
एक प्रतिसाद अपूर्ण दिसतो, कृपया भरून पाठवा.
ओसरी, शेळी, पत्ता बरोबर होता.
अकराव्या रकान्यात मी चुकून टाइप केलं होतं,
किती दिवस